नाताळ आणि पुण्यातले छोटे व्यवसाय: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रविवार पेठेत बोहरी आळीजवळ माझं पॅकिंग मटेरियलचं दुकान आहे. केकचे बॉक्स, बोर्ड, रिबिनी, बरण्या, कागदी पिशव्या. दिवाळीचा उरलेला माल माळ्यावर चढतो न चढतो तोच नाताळची गिऱ्हाइकं सुरू होतात. त्यात घरून केक करणाऱ्या ताया असतात, चॉकलेटवाले असतात, आणि "ताई, एखादी चांगली घरगुती केकवाली सांगा ना" म्हणून नुसती चौकशी करायला आलेलेही असतात. खालचे प्रश्न या सगळ्यांचे. उत्तरं माझी, त्यामुळे थोडी पेठी वळणाची.

आम्ही ख्रिश्चन नाही. नाताळच्या खरेदीशी आमचा काय संबंध?

केक तर घरात येणारच आहे, मुलं सोडणार नाहीत. प्रश्न एवढाच की तो कुणाकडून आणायचा.

आणि पुण्याला नाताळ काही मॉलवाल्यांनी शिकवलेला नाही. क्वार्टर गेटजवळच्या सिटी चर्चसाठी १७९२ मध्ये जागा दिली ती सवाई माधवराव पेशव्यांनी, आपल्याच फौजेतल्या ख्रिस्ती लोकांसाठी. कॅम्पातलं सेंट मेरीज १८२५ चं. गुरुवार पेठेतलं पंचहौद मिशनचं चर्च माझ्या दुकानापासून पायी जाण्याच्या अंतरावर आहे. मराठी ख्रिस्ती घरांत डिसेंबरात करंज्या, चकल्या, शंकरपाळे होतात आणि फराळाची ताटं शेजारीपाजारी जातात. गोव्याकडच्या घरांत नेवऱ्या, कुलकुल, दोदोल. दिवाळीत ज्यांना आपण ताट दिलं, त्यांचंच ताट दीड-दोन महिन्यांनी परत येतं.

धंद्याच्या बाजूनं बघा. केकमधले काजू-बेदाणे मार्केट यार्डातल्या व्यापाऱ्याचे, बॉक्स माझा, चांदणीच्या कामट्या बुरूड आळीतल्या, आणि केक घरपोच करणारा मुलगा हडपसरचा. यातले किती जण चर्चला जातात?

छोटा व्यवसाय नेमका कुणाला म्हणायचं? कयानीसमोर रांग लावली तर चालेल का?

लावा की. श्रूजबेरी बिस्किटांचा खोका घेतल्याशिवाय पुण्यातून पाहुणा हलत नाही. पण ईस्ट स्ट्रीटवर १९५५ पासून असलेल्या बेकरीचा डिसेंबर तुमच्यावाचून अडत नाही. अडतो तो तुमच्या सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर केक करणाऱ्या बाईंचा, कोपऱ्यावरच्या पाववाल्याचा, पदपथावर चांदण्या टांगून बसलेल्या माणसाचा. यांच्याकडे जाहिरातीला पैसे नसतात आणि पडून राहिलेला माल परत घेणारा वरचा कुणी नसतो. एक ऑर्डर आली की नाही हे ज्याला रात्री अंथरुणात आठवतं, तो छोटा. उलाढालीचे आकडे मी बघत बसत नाही.

ऑर्डर कधी द्यावी?

डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात. या पानावरचं एकच उत्तर वाचणार असाल तर हे वाचा.

घरगुती प्लम केकचं गणित सांगते. घरच्या ओव्हनमध्ये एका वेळी एक किलोचे फार तर दोन टिन बसतात. हा केक मंद आचेवर भाजावा लागतो, दीडशे-एकशे साठ अंशांवर सव्वा ते दीड तास. बाहेर काढल्यावर पूर्ण गार व्हायला आणखी काही तास. घाईनं कोमट केक बॉक्समध्ये घातला की आत वाफ धरते, झाकणाला आतून पाणी सुटतं आणि चार दिवसांत बुरशी. घरचा स्वयंपाक, मुलांच्या शाळा सांभाळून दिवसाला आठ-दहा किलो झाले तरी डोक्यावरून पाणी. त्यात गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज गेली किंवा पाणी बंद राहिलं की तो दिवस गेलाच म्हणायचा.

आता तुम्ही २२ तारखेला फोन करून "दोनच किलो हवाय हो, करा ना ॲडजस्ट" म्हणालात, तर ती बाई नाही म्हणत नाही. गिऱ्हाईक तुटेल ही भीती असते. मग ती रात्र जागते, आणि पुढच्या ऑर्डरचा केक कच्चा राहतो.

शिवाय सुकामेवा रममध्ये भिजत घातलेला असतो तो ऑक्टोबरपासून. डबा संपला की संपला, ऐनवेळी दुसरा भिजवून ती चव येत नाही. रम घातलेला प्लम केक नीट गुंडाळून ठेवला तर दोन-तीन आठवडे सहज राहतो, उलट मुरतो. त्यामुळे १० तारखेला घेऊन कपाटात ठेवलात तर तुमचं काहीच बिघडत नाही. संत्र्याच्या रसातला, बिनरमचा केक मात्र आठवड्याच्या आत संपवा. आणि क्रीमचा केक लागणार असेल तर तो ज्या दिवशीचा त्याच दिवशी घ्यायचा, फक्त नाव आधी नोंदवून ठेवायचं.

ॲडव्हान्स द्यावा का? बुडाला तर?

निम्मा द्या, आणि तिनं मागायची वाट बघू नका. लोणी, बदाम, काजू ती रोखीनं आणते. मार्केट यार्डातला व्यापारी तिला उधार देत नाही, आणि खरं सांगायचं तर मीही देत नाही. तुमचा ॲडव्हान्स म्हणजे तिचं डिसेंबरचं भांडवल. तो आला नाही तर दागिना नाही तर नवऱ्याचा पगार, असं ते चालतं.

बुडण्याची धास्ती असेल तर मेसेजमध्ये चार गोष्टी लिहून घ्या: वजन, तारीख, किती दिले, ऑर्डर रद्द केली तर किती परत. एवढं लिहायला जी का-कू करते तिच्याकडून घेऊ नका.

घरगुती केक बेकरीपेक्षा महाग का असतो?

कारण बेकरी मैदा पोत्यानं घेते आणि ही पाच किलोनं. बेकरीची भट्टी पेटलेलीच असते, हिचं विजेचं मीटर फक्त तुमच्या केकसाठी पळतं. बेकरीतल्या स्वस्त केकमध्ये बहुधा वनस्पती तूप आणि टुटीफ्रुटी असते, आणि टुटीफ्रुटी म्हणजे साखरेच्या पाकातली रंगवलेली कच्ची पपई. घरगुती केकमध्ये लोणी, बेदाणे, खजूर, अक्रोड, संत्र्याची साल. एक किलो केकमध्ये सुकामेवाच पाव-अर्धा किलो जातो. त्यावर बोर्ड, बॉक्स, बटर पेपर, रिबीन, लेबल. माझ्याकडचा साधा बॉक्स आणि बोर्ड मिळूनच तीस-चाळीस रुपये होतात, आणि खिडकीचा बॉक्स हवा असेल तर आणखी.

मजुरी? ती बहुतेक जणी लावतच नाहीत. हिशेब मांडताना मी मुद्दाम विचारते, "तुमचे किती तास धरले?" तर हसतात. महाग वाटणाऱ्या केकमध्ये सुद्धा बऱ्याचदा बाईचा दिवस फुकट गेलेला असतो.

स्वस्त केक खाऊच नये असं माझं म्हणणं नाही. टुटीफ्रुटीचा केक मलाही आवडतो. फक्त त्या दोघांच्या किमती शेजारी ठेवून "ताई, तिकडे अर्ध्या भावात मिळतो" असं म्हणू नका.

घासाघीस करावी की नाही?

फॅशन स्ट्रीटला, तुळशीबागेत करा. तिथे भाव सांगतानाच ती धरलेली असते, न केलीत तर दुकानदारालाच चुकल्यासारखं वाटेल. तरी फॅशन स्ट्रीटवर अगदी शेवटच्या दहा रुपयांपर्यंत ताणू नका. मार्च २०२१ मध्ये एका रात्रीच्या आगीत तिथले शेकडो गाळे मालासकट जळाले, आणि तेही टाळेबंदीनं आधीच मोडलेल्या वर्षानंतर. हातानं केलेल्या, मोजक्या मालावर घासाघीस नको. दहा नग घेत असाल तर "दहाला काय लावाल?" एवढं विचारणं रास्त.

घरगुती मालाची खात्री कशी करायची?

खाण्याचा पदार्थ विकणाऱ्यानं, घरून का विकेना, अन्न सुरक्षा नोंदणी करायची असते. तिचा १४ अंकी क्रमांक लेबलवर किंवा बिलावर असतो. तो 'फूड सेफ्टी कनेक्ट' ॲपवर तपासता येतो. नंबर मागितला म्हणून कुणी रागावत नाही. ज्यांनी कष्ट घेऊन नोंदणी केलेली असते त्यांना तर बरंच वाटतं.

अंड्याचं विचाराच. हिरव्या चौकोनातला हिरवा ठिपका म्हणजे शाकाहारी, तपकिरी खूण म्हणजे मांसाहारी, आणि अंड्याचा केक कायद्यानं या दुसऱ्या गटात येतो. घरात आजी-आजोबा असतील, लहान मुलं असतील, तर रम आहे का हेही विचारा. "भाजल्यावर उडून जाते" हे अर्धंच खरं आहे, आणि वरून पाजलेली रम तर उडतच नाही.

चॉकलेटच्या बाबतीत एकच शब्द लक्षात ठेवा: कंपाउंड. त्यात कोको बटरऐवजी दुसरी वनस्पती चरबी असते, म्हणून ते स्वस्त पडतं आणि साच्यात चटकन जमतं. ते विकण्यात काही गैर नाही. कंपाउंड वापरून खऱ्या चॉकलेटचा भाव लावला तर गैर. सरळ विचारा, "कंपाउंड आहे की कूव्हर्चर, म्हणजे कोको बटरचं खरं चॉकलेट?" उत्तर देताना अडखळली की समजा.

केक सोडून दुसरं काय घेता येईल?

पुष्कळ. आणि माझ्या मते खरी गंमत इथेच आहे, कारण केकवर सगळेच तुटून पडतात.

चांदणी घ्या. दिवाळीत आकाशकंदील करणारेच हात नाताळच्या चांदण्या करतात: बांबूच्या कामट्या, सुतळी किंवा दोरा, वर पतंगी कागद. बुरूड आळीत नुसता सांगाडा मागितला तर तोही देतात, आणि मुलांना घरी कागद चिकटवायला तो फार छान पडतो. घेताना पाचही टोकांवरची गाठ बघा. दोऱ्यानं आवळून बांधलेली असेल तर सांगाडा पुढच्या वर्षीही चालतो, नुसता गोंद असेल तर उन्हानं सुटतो. प्लास्टिकची घडीची चांदणी दिसायला चकचकीत, पण जानेवारीत ती कचऱ्यात. मी स्वतः ती विकते, तरी सांगतेय. त्याच आळीत टोपल्या घ्या, भेटी भरायला माझ्या पुठ्ठ्याच्या खोक्यापेक्षा बऱ्या.

कसबा पेठेतल्या तांबट आळीत जा. मठारकाम म्हणजे तांब्याच्या भांड्यावर हातोडीनं एकेक ठोका मारून उठवलेली ती चमकदार नक्षी. हातकाम ओळखायचं तर भांडं उजेडात धरून फिरवा. ठोके ओळीत असतात पण प्रत्येक ठोका किंचित वेगळा पडतो, प्रकाश एकसारखा घसरत न जाता तुटत तुटत जातो. मशीनच्या भांड्यावर सगळे खळगे जुळे. लग्नाच्या अहेरात तांब्या देतो, तसा नाताळला एखादा छोटा दिवा नाहीतर पेला का देऊ नये? आळीत शिरताना ठकठक ऐकू येते, त्या दिशेनं चालत राहायचं, पत्ता विचारावा लागत नाही.

शुभेच्छापत्रं हवी असतील तर शिवाजीनगरला १९४० पासूनची हातकागद संस्था आहे. तिथला कागद झाडं तोडून नाही, सुती चिंध्यांपासून होतो. जाड, कडा थोड्या फाटल्यासारख्या, शाईचं पेन त्यावर मस्त चालतं.

रोपं आवडणाऱ्यांसाठी: छाटलेलं किंवा प्लास्टिकचं झाड आणण्यापेक्षा कुंडीतलं अरोकेरिया घ्या. उरुळी कांचन, मांजरीकडे रोपवाटिकाच रोपवाटिका आहेत. लाल पानांचं पॉइन्सेटियाही याच दिवसांत मिळतं. अरोकेरिया गॅलरीत वर्षानुवर्षं राहतं, फक्त पाणी साचू देऊ नका.

महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेऱ्या डिसेंबरात यायला लागतात. पुस्तकं अप्पा बळवंत चौकात बाराही महिने आहेतच. बचत गटांचा माल एका ठिकाणी बघायचा असेल तर डिसेंबरात कृषी महाविद्यालयाच्या मैदानावर भीमथडी जत्रा भरते. तिथे मात्र खाऊन-पिऊनच लोक परत येतात. हातात पिशवी दिसत नाही, हे मला खटकतं. गोधडी बघून, फोटो काढून पुढे सरकू नका.

कॅम्पात कधी जावं?

२४ तारखेची संध्याकाळ सोडून कधीही. त्या दिवशी आणि ३१ ला महात्मा गांधी रस्ता बहुतेक वर्षी संध्याकाळी वाहनांना बंद असतो, आणि गर्दी अशी की दुकानदाराला तुमच्याशी दोन शब्द बोलायला सवड नाही. रोषणाई बघायची तर जरूर जा, खरेदीला म्हणून जाऊ नका. मधल्या वारी सकाळी अकराच्या सुमारास गेलात तर माणूस चार वस्तू काढून दाखवतो. पेठांत यायचं असेल तर गाडी घरी ठेवा. मंडई आणि कसबा पेठ अशी दोन मेट्रो स्थानकं आता आहेत. तुळशीबाग, बोहरी आळी, तांबट आळी सगळं पायी होतं.

ॲपवरून मागवलं तर त्यांना फायदा होतो का?

होतो, पण कमिशन कापून. पहिल्यांदा ॲपवर सापडले तर मागवा, आवडलं तर पुढच्या वेळी थेट फोन करा. घरपोच करायचे पैसे वेगळे मागितले तर कटकट नको. औंधहून बिबवेवाडीपर्यंत तीन मजली केक दुचाकीवर आणणं काय असतं ते एकदा स्वतः करून बघा, नाहीतर स्वतः जाऊन घेऊन या.

पैसे रोख द्यावे की यूपीआयनं?

काहीही चालेल. बँक खात्यातून यूपीआय केलंत तर विकणाऱ्याचं काही कापलं जात नाही. क्रेडिट कार्डावर कापलं जातं. सकाळची भवानी व्हायच्या आत पाचशेची नोट पुढे करू नका, एवढंच.

ऑफिसच्या भेटींसाठी छोट्या लोकांकडून घ्यायचं आहे, पण अकाउंट्सवाले नको म्हणतात.

हा प्रश्न दर डिसेंबरला येतो आणि यात सगळ्यात जास्त पैसा आहे. तीनशे बॉक्सची एक ऑर्डर म्हणजे एखाद्या घराचा सगळा हंगाम.

अकाउंट्सवाल्यांची पहिली हरकत: विक्रेत्याकडे जीएसटी नंबर नाही. माल विकणाऱ्याची उलाढाल वर्षाला ४० लाखांपर्यंत असेल तर सर्वसाधारणपणे त्याला नोंदणी लागत नाही. आणि भेट म्हणून वाटलेल्या वस्तूंवर कंपनीला इनपुट क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेल्या जीएसटीची वजावट, मिळतच नाही, कायद्यानंच अडवलेलं आहे. मग नंबर असला काय, नसला काय, क्रेडिटच्या दृष्टीनं तुमच्या कंपनीला फरक शून्य. हे त्यांना शांतपणे दाखवून द्या.

दुसरी गोष्ट पैसे कधी देता याची. "९० दिवसांत पेमेंट" हे वाक्य मोठ्या पुरवठादाराला चालून जातं, चकलीवाल्या बचत गटाला नाही. २००६ च्या सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग कायद्यानुसार लेखी करार असला तरी नोंदणीकृत सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात. करारच नसेल तर १५ दिवसांत. उशीर केला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दरानं, महिन्याच्या महिन्याला चक्रवाढ व्याज. त्यासाठी बनवणाऱ्याची 'उद्यम', म्हणजे सरकारकडची छोट्या उद्योगांची, नोंदणी हवी, ती आधार क्रमांकावर ऑनलाइन आणि फुकट होते. भेटी घेण्याआधी तीच करून घ्यायला सांगा.

माझ्यासमोर घडलेलं सांगते. एका कंपनीनं नाताळचे डबे घेतले, सगळ्यांनी वाखाणले, आणि पैसे आले होळीच्या आसपास. करणाऱ्या बाईनं मधल्या काळात संक्रांतीच्या तिळगुळाच्या ऑर्डरी नाकारल्या, कारण गूळ आणायला पैसे नव्हते. व्याज तिनं मागितलं नाही. पुढच्या वर्षी ऑर्डर मिळणार नाही या भीतीनं कुणीच मागत नाही.

आणि कंपनीचा लोगो बॉक्सवर छापून हवा असेल तर नोव्हेंबरातच सांगा. छपाईवाल्याचा डिसेंबर कॅलेंडरांनी भरलेला असतो.

बिल मागितलं तर दुकानदाराला राग येतो का?

काहींना येतो, तरी मागा. फक्त एक बघा: जीएसटी नोंदणी नसलेला किंवा कंपोझिशन योजनेतला (उलाढालीवर ठरावीक टक्के कर स्वतः भरणारा) दुकानदार बिलात वेगळा जीएसटी लावू शकत नाही. लावला असेल तर नंबर विचारा. केक, पेस्ट्री, बिस्किटांवरचा कर २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ टक्क्यांवरून ५ वर आला आहे, बिलात जुना दर दिसला तर बोट ठेवा.

यंदा हात आखडता आहे. पैसे न घालता काही करता येईल?

येईल. गेल्या वेळी आवडलेल्या केकचा रिव्ह्यू लिहा. "खूप छान" असा नको. काय घेतलं, किती घेतलं, कुठल्या भागात पोचवलं, वेळेवर आलं का, हे लिहा. कोथरूडमध्ये केक शोधणाऱ्याला त्याचाच उपयोग. सोसायटीच्या ग्रुपवर नंबर टाकताना आधी त्यांना विचारा. एकदम चाळीस फोन येणं हेही संकटच. लोणच्या-जॅमच्या काचेच्या बरण्या धुऊन परत द्या, बरण्या महाग झाल्यात. आणि "जाहिरात करते, एक केक फ्री द्या" हे मदतीच्या नावाखाली करू नका.

केक बिघडलेला निघाला. रिव्ह्यूमध्ये लिहू का?

आधी फोन. कापायच्या आधीचा आणि नंतरचा फोटो पाठवा, त्याच दिवशी. बहुतेक जणी बदलून देतात नाहीतर पैसे परत करतात. टोलवाटोलवी झाली तर मग खुशाल लिहा, छोटा आहे म्हणून नासका माल गोड मानून घ्यायची गरज नाही.

मी स्वतः यंदा पहिल्यांदाच विकणार आहे. काय सांगाल?

तीनच पदार्थ ठेवा. ऑर्डर बंद व्हायची तारीख आधीच जाहीर करा आणि मग कुणाच्या मावशीसाठीही ती मोडू नका. बॉक्स घेण्यापूर्वी रिकामा टिन बरोबर आणा. "साधारण आठ इंची" म्हणून नेलेले बॉक्स दुसऱ्या दिवशी बदलायला येतात, आणि डिसेंबरात माझ्याकडे बदलायला साइझ उरलेली नसते.

तुमचं दुकान कधी उघडं असतं?

दहा ते दीड, चार ते साडेआठ. डिसेंबरात दुपारी बंद नसतं, पण शटर अर्धं खाली असतं. वाकून हाक मारा.